धबधब्याचे वर्ष

शीळफाट्याहून मुंब्र्याकडे निघाले, की पारसिकचा डोंगर लागतो. याच डोंगराच्या पोटातून रेल्वेचा बोगदा गेला आहे. तो १९१६ साली सुरू झाला. आषाढात या डोंगराच्या कड्यांवरून पांढऱ्याशुभ्र धारा कोसळतात. तेच ठिकाण वैशाखात पाहा. पाण्याचा टिपूस नाही! नुसता काळा कातळ तापलेला असतो. मग हे पाणी येते कुठून आणि जाते कुठे?

हा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हारस. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून तो बाहेर आला व थरावर थर पसरला. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो, टणक तसाच राहतो. त्यामुळे डोंगराला पायऱ्या पडतात. अशा पायरीवरून ओढा खाली पडला, की झाला धबधबा.

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून धबधबा लगेच सुरू होत नाही. तहानलेली माती आधी पाणी पिते. तिचे पोट भरले, की उरलेले पाणी ओढ्याला लागते. आषाढ-श्रावणात धबधबा भरात असतो. भादव्यात पाऊस ओसरतो, तरी धार चालू राहते. कारण मुरलेले पाणी झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येते. दिवाळीच्या सुमारास धार करंगळीएवढी होते आणि पुढे आटते. डोंगरावर झाडे असली, तर पाणी जास्त मुरते. झाडे तुटली, की पाणी एकदम धावते, माती घेऊन जाते आणि लवकर संपते.

आता एक जिवाची गोष्ट सांगतो. मी हेडमास्तर असताना एकदा मुलांना घेऊन अशाच एका धबधब्यावर गेलो होतो. छान ऊन पडले होते. मुले पाण्यात खेळत होती. एवढ्यात पाणी गढूळ झाले. पालापाचोळा वाहत आला. पलीकडून एक गुराखी ओरडला, "मास्तर, पोरं बाहेर काढा!" आम्ही काढली. थोड्याच वेळात आमचा बसायचा खडक पाण्याखाली गेला. वर डोंगरात पाऊस झाला होता आणि खाली आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या गुराख्याला अक्षर येत नव्हते. पण पाणी वाचता येत होते.

तेव्हा पाणी गढुळले, काटक्या वाहू लागल्या, आवाज वाढला, की तत्काळ बाहेर या. कपडे, चपला राहू द्या. आणि वाटेत धोक्याची पाटी दिसली, तर ती आता तुम्हाला वाचता येते. ती वाचा, पाळा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.