पानदानाची किंमत कोण ठरवणार?

1995 साली केंद्र सरकारनं निजामाच्या खजिन्यातले 173 दागिने सुमारे 218 कोटी रुपयांना विकत घेतले. त्यातच तो जेकब हिरा होता, जो सातवे निजाम मीर उस्मान अली खान टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून वापरायचे, असं सांगतात. निजामाचे ट्रस्ट आणि सरकार यांच्यात किमतीवरून कित्येक वर्षं ओढाताण चालली. ट्रस्टची अडचण अशी होती की, 1972 च्या पुरावशेष कायद्यामुळे हे दागिने देशाबाहेर विकता येत नव्हते. लंडन-जिनिव्हाचं गिऱ्हाईक आपोआप बाद झालं. हिरा तोच आणि वजन तेच, पण घेणारा कोण असू शकतो, यावर आकडा ठरला.

नांदेड आणि लातूर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत याच निजामाच्या राज्यात होते. इथल्या माळवदाच्या घरांत हिरे निघणार नाहीत, पण बिदरी पानदान निघतं, देवघरात चार पिढ्यांची पंचधातूची मूर्ती असते, माळ्यावर लाल फडक्यात पोथ्या असतात आणि ओसरीत रविवर्मा प्रेसची लक्ष्मी टांगलेली असते. वाटणीची वेळ आली, विमा उतरवायचा ठरला किंवा पुण्याहून कुणी गिऱ्हाईक आलं की, पहिल्यांदा प्रश्न पडतो की याची किंमत काय. मग आपण सवयीनं सराफाला बोलावतो. सराफ बिचारा धातू तोलतो, तेच त्याचं काम. मात्र कलावस्तूच्या बाबतीत ते काम जवळपास निरुपयोगी आहे.

बिदरीचंच घ्या. उदगीर तालुका 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, त्यामुळे या भागात बिदरी काम काही परदेशी पाहुणं नव्हे. भांडं ओततात ते जस्ताचं, त्यात थोडं तांबं. वर नक्षी कोरून चांदीची तार किंवा पातळ पत्रा ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं मिश्रण लावलं की, धातू काळाभोर होतो आणि चांदी पांढरीच राहते. तराजूत टाकलं तर हाती येते जस्ताची मोड आणि नखभर चांदी. जाणकार माणूस हेच पानदान हातात घेऊन आधी उलटं करतो. बूड किती झिजलंय, आतली कप्पेवाली ताटली मूळचीच आहे की नंतर बसवलीय, झाकणावरची वेल अंगावरच्या वेलीशी जुळते का, हे बघतो. काम नुसतं तारकशीचं आहे की पत्रा खोल बसवलेलं तहनिशान आहे, हे भिंगातून तपासतो. कुठली चांदी गळून पडलीय आणि कुठे नंतर काळा रंग फासलाय, तेही त्याला दिसतं. एखाद्या सुनेनं दिवाळीला चिंच आणि राखेनं घासून ते 'लख्ख' केलं असेल, तर तो काही न बोलता किंमत खाली आणतो. जुना काळेपणा गेला की, वस्तूचं अर्धं वय पुसलं जातं.

असा माणूस आकडा सांगण्याआधी विचारतो की, किंमत कशासाठी हवी आहे. पुष्कळांना इथेच संशय येतो, पण प्रश्न अगदी रास्त आहे. विमा कंपनीला हवी असते ती वस्तू गेली तर तशीच दुसरी मिळवायला लागणारी रक्कम. आयकराला हवा असतो खुल्या बाजारातला वाजवी भाव, तोही ठरावीक तारखेचा. भावाभावांच्या वाटणीत सगळ्या वस्तूंना एकाच दिवशी एकच माप लावलं, तरच भांडण मिटतं. त्यामुळे एकाच पानदानाचे दोन अहवाल, दोन वेगळ्या रकमा आणि दोन्ही प्रामाणिक, असं होऊ शकतं. विम्यासाठी काढलेला फुगीर आकडा वाटणीत पुढे करणारे महाभाग असतात, त्यांच्यापासून सावध राहावं.

करापासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच जास्त. वडिलोपार्जित वस्तू वारसाहक्कानं आली तर तिच्यावर कर नाही. मालमत्ता शुल्क नावाचा मृत्यूनंतरचा कर 1985 मध्येच गेला. पण वस्तू विकली की भांडवली नफा मोजावा लागतो. घरातलं फर्निचर, भांडीकुंडी 'वैयक्तिक वापराच्या वस्तू' म्हणून सुटतात. चित्रं, शिल्पं आणि इतर कलाकृती मात्र 2007 च्या अर्थसंकल्पानं त्या सवलतीतून बाहेर काढल्या. आजोबांनी वस्तू केव्हा, कितीला घेतली हे कुणालाच ठाऊक नसतं. कायद्यानं त्यावर तोड दिली आहे. वस्तू 1 एप्रिल 2001 च्या आधीपासून घरात असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. समजा एक चित्र 10 लाखांना विकलं आणि 2001 ची किंमत 2 लाख असल्याचा अहवाल हाती आहे. मग नफा 8 लाख, आणि जुलै 2024 पासूनच्या साडेबारा टक्के दरानं कर 1 लाख, सेस वेगळा. अहवाल नसेल तर ते 2 लाख वजा करायला आधार काय दाखवणार? महागाईनुसार किंमत वाढवून घेण्याची जुनी सोय कलाकृतींना आता उरलेली नाही, त्यामुळे 2001 चा आकडा पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे.

भेटीचा मामला आणखी नाजूक. सख्खे भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी कायद्याच्या दृष्टीनं नातेवाईक, पण चुलतभाऊ नाही! मराठवाड्यातल्या एकत्र कुटुंबात हे कुणाला पटवून सांगणार? पण चुलतभावानं लग्नात पन्नास हजारांहून जास्त किमतीचं चित्र दिलं तर लग्नाची भेट म्हणून ते सुटतं. तेच एरवी सहज दिलं तर घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

आयकरासाठी अहवाल नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा लागतो. संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पानं संपला, पण मूल्यांकनकारांच्या नोंदणीची चौकट त्याच कायद्यातून आलेली आहे. त्यात जमीन, दागिने आणि कलाकृती हे वेगवेगळे वर्ग आहेत. कंपनी कायद्याखाली नोंदलेले मूल्यांकनकार जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे एवढंच बघतात. कार्डावर 'रजिस्टर्ड व्हॅल्युअर' छापलेलं दिसलं की, कोणत्या वर्गात, हे विचारायला लाजू नका. जमिनीचे आणि सोन्याचे मूल्यांकनकार नांदेड-लातुरात मिळतात, कलाकृतींसाठी मुंबई-पुणे किंवा हैदराबाद गाठायची तयारी ठेवा. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या जागी नवा आयकर कायदा लागू आहे. कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा सीएला विचारूनच अहवाल करून घ्यावा.

विम्याबद्दल या भागाला वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची घरं माणसांवर कोसळली. तिथे वस्तूंची गोष्ट काढणंही जड जातं. पण त्या घरांत काय काय होतं, याची यादी आज कुणाकडेही नाही, हेही खरं. 2021 पासून सर्व कंपन्यांना द्यावी लागणारी 'भारत गृह रक्षा' ही गृहविमा पॉलिसी भूकंप धरते. पण चित्रं, कलाकृती, जुन्या दुर्मिळ वस्तू साध्या घरसामानात येत नाहीत. त्यांचं संरक्षण वेगळं मागून, किंमत आधी ठरवून घ्यावं लागतं. एक वस्तू लाखाच्या आत आणि एकूण रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर मूल्यांकन प्रमाणपत्राची अट नसते, त्यापुढे लागते. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

आता 1972 चा कायदा. 1976 पासून तो लागू आहे, आणि बहुतेक घरांना त्याचा पत्ता नाही. शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू पुरावशेष ठरते. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना मात्र 75 वर्षं पुरतात. म्हणजे 2023 च्या सप्टेंबरनंतर निजामकाळातला असा प्रत्येक कागद त्या रेषेपलीकडे गेला. योगायोग असा की, त्याच वर्षी न्या. संदीप शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधत फिरू लागली आणि रद्दीत जाणाऱ्या उर्दू-मोडी कागदांना एकदम भाव आला. बाजारात ज्याला कुणी दोनशे रुपये दिले नसते, त्या कागदावर एखाद्या घराचं जातप्रमाणपत्र उभं राहिलं. अशा वस्तूची किंमत कोणताही मूल्यांकनकार सांगू शकत नाही, आणि त्यानं सांगूही नये.

दगडाची, धातूची, लाकडाची जुनी शिल्पं, जुनी चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते, आणि मालकी बदलली तर तेही कळवावं लागतं. पानदान या नोंदणीच्या यादीत बसत नाही, पण शंभरी ओलांडली असेल तर अमेरिकेतल्या मुलानं ते बॅगेत घालून नेणं गुन्हाच. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मूर्ती चोरीला गेली तर ती आपलीच होती हे दाखवायला फोटोसह केलेली नोंद फार उपयोगी पडते. तरी लोक 'सरकार घेऊन जाईल' या भीतीनं टाळतात. ही भीती अगदीच निराधार नाही, कायद्यात सक्तीनं संपादन करायची तरतूद आहे, पण तीही मोबदला देऊनच. माझ्या मते न नोंदवण्यातला धोका मोठा आहे. हस्तिदंताचं मात्र वेगळं. वन्यजीव कायद्यानं त्याची विक्रीच बंद आहे, त्यामुळे कुणी त्याला 'भाव' सांगत असेल तर त्या माणसापासून लांब राहा.

'आमच्याकडे ओरिजिनल रविवर्मा आहे' हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. रविवर्म्यांच्या तैलचित्रांना 1979 पासून राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा आहे, आणि 2023 मध्ये पंडोल्सच्या मुंबईतल्या लिलावात त्यांच्या 'यशोदा आणि कृष्ण' या चित्राला 38 कोटी रुपये मिळाले. आपल्या ओसरीतली लक्ष्मी बहुधा त्यांच्या छापखान्यातली, हजारोंनी छापलेली प्रत असते. चौकटीतून काढून खालची कड बघा, तिथे छापखान्याचं नाव असतं. ती जुनी आणि न कापलेली असेल तर तिलाही मान आहे, पण कोटींचा नाही.

चांगल्या अहवालात वस्तूचं माप, माध्यम, डागडुजी, फोटो, मूल्यांकनाचा हेतू आणि तारीख तर असतेच. शिवाय अशाच वस्तू कोणत्या लिलावात कितीला गेल्या, हेही असतं. कोर्टात तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरतात, पण उलटतपासणीत त्याला कारणं द्यावी लागतात, तिथे व्हॉट्सॲपवर फोटो बघून सांगितलेला आकडा टिकत नाही. जो मूल्यांकन करतो तोच 'मीच घेतो' म्हणाला, तर त्याचा आकडा सोडून द्या.

आणि मूल्यांकनकाराकडे जाण्याआधी एक काम घरातच करा. आजी-आजोबा हयात असतील तर वस्तू कुठून आली, कुणी आणली, कोणत्या लग्नात मिळाली, हे त्यांच्या तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. जुने फोटो, पावत्या, पत्रं सोबत ठेवा. वस्तू खरी आणि आपलीच आहे, हे सिद्ध करताना त्या दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगचा उपयोग होतो, आणि ते नंतर विकत मिळत नाही.