सही करण्यापूर्वी

मराठीच्या प्राध्यापकाला गावात मान असतो, पण तो शोभेच्या वस्तूचा! सत्काराला भाषण हवे, लग्नपत्रिकेला मजकूर हवा, की आमची आठवण होते. पंढरपूर तालुक्यातल्या आमच्या करकंबात एका पतसंस्थेच्या संचालक मंडळात माझे नाव घातले गेले, ते याच हिशेबाने. महिन्याला एक सभा असे. चहा होई, भजी होत, मग इतिवृत्ताची वही पुढे सरके. मी त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारीत असे आणि खाली सही ठोकीत असे. आकड्यांकडे मात्र कधी पाहिले नाही.

एका बाजारच्या दिवशी भाजी विकणारी एक म्हातारी दारात उभी राहिली. हातात पिग्मीचे पुस्तक.

"सर, तुमी हाय म्हनून पैसं टाकलं. दोन म्हयनं झालं, उद्या या म्हनत्यात. पैसं हायती न्हवं?"

मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी मी प्रथमच कर्जखतावणी मागितली. मोठी थकबाकी संचालकांच्याच सोयऱ्याधायऱ्यांची होती, आणि ती कर्जे मंजूर करणाऱ्या प्रत्येक ठरावाखाली माझी वळणदार सही! शुद्धलेखन तेवढे निर्दोष होते.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे ओढून काढून जाळले. त्या कागदांत काय लिहिले आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. सावकाराच्या वहीऐवजी आपली वही, हे त्यातले मर्म. ती वही मिटून ठेवली, तर सावकार काय वाईट होता?

कायद्याने सभासदाला दुबळे ठेवलेले नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सभासदाला संस्थेच्या कचेरीत फुकट पाहता येतात. दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे लागते, आणि मंडळाच्या निर्णयांना संचालक एकत्रितपणे तसेच वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. म्हणजे मीही! बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. तिथे उघडी वही हाच विमा.

आमची म्हातारी मात्र नाममात्र सभासद. तिला सभेत मत नाही. तेव्हा तिचा प्रश्न विचारायचा कोणी?

वार्षिक सभेत मी उठलो आणि थकबाकीदारांची यादी वाचून दाखवावी, अशी मागणी केली. वर्गात दोनशे मुलांपुढे न कापणारा माझा आवाज त्या दिवशी कापला. यादी वाचली गेली. दोन शेजाऱ्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. पण आठ दिवसांत काहींनी हप्ते भरले. वसुली सुरू झाली, ती रखडत का होईना चालू आहे.

म्हातारीचे निम्मे पैसे मिळाले आहेत, निम्मे अजून यायचे आहेत. बाजारात ती मला मेथीची जुडी निवडून देते. मी दिलेले पैसे मात्र हल्ली दोनदा मोजून घेते. मला त्याचा राग येत नाही. मीही आता सहीपूर्वी आकडे दोनदा वाचतो.