माळ्यावरची उदमांजराची पिल्लं

डोंगरी-उत्तनच्या वाड्यांत जुन्या कौलारू घरांच्या माळ्यावर पिल्लांची चिवचिव ऐकू आली, तर ती उदमांजराची असू शकतात. कांडेचोर म्हणतात तो हाच प्राणी. आई दिवसभर दिसली नाही म्हणून पिल्लं पोरकी समजू नका. ती निशाचर आहे, अंधार पडल्यावर हालचाल करते.

पिल्लांची तब्येत लांबूनच बघता येते. पोट गोल आणि दिवसा निवांत झोप, म्हणजे सगळं ठीक. साधारण दोन आठवड्यांत डोळे उघडतात. काळजी कधी करायची? पिल्लू एकसारखं रडतंय, अंग गार पडलंय, डोळ्यांना चिकटा आहे, किंवा जखमेवर माश्या घोंगावताहेत तेव्हा. माशीची अंडी पांढरट, तांदळाच्या कणीएवढी असतात. पावसाळ्यात त्यांतून निघणाऱ्या अळ्या जखम फार झपाट्याने चिघळवतात.

गाईचं दूध अजिबात पाजू नका, जुलाब होतात. पिल्लू उघड्या हाताने उचलू नका. घरच्या कुत्र्या-मांजरांना लस द्या, कारण त्यांचे काही आजार उदमांजरालाही होतात.

१९७२च्या कायद्याने हा प्राणी संरक्षित आहे, त्यामुळे पाळणं गुन्हाच. पिल्लू आजारी वाटलं तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर लगेच फोन करा.