बोलायचा आकडा आणि लिहायचा आकडा
(फोनला तोंडी सांगून मजकूर लिहिताना सभासदांनी घ्यावयाची काळजी)



ऊस उत्पादकाचा सारा संसार आकड्यांवर चालतो. लागणीची तारीख, गट नंबर, क्षेत्र, जातीचा नंबर, खताचे प्रमाण, वजनपावतीवरचे टन, हप्त्याची रक्कम आणि शेवटी बँकेचा खाते क्रमांक. यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की चिटबॉयपासून गट ऑफिसपर्यंत हेलपाटे सुरू होतात. पूर्वी हे सारे आपण वहीत टिपून ठेवत होतो. आता बहुतेकांच्या हाती फोन आला आहे, आणि त्यावर लिहायचेही कष्ट उरलेले नाहीत. माईकच्या चिन्हावर बोट ठेवायचे, बोलायचे, की अक्षरे आपोआप उमटतात. गूगलने २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात ही सोय मराठीसाठी खुली केली. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमातही मराठी आहे. ज्यांना बारीक अक्षरे दिसत नाहीत, ज्यांचे हात दिवसभर पाटाच्या पाण्यात असतात, त्यांना ही सोय मोठीच आहे. आम्ही तिचे स्वागतच करतो.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अक्षर चुकले तर ते दिसते. ‘खोडवा’ऐवजी ‘गोडवा’ उमटला, तर वाचणारा हसेल आणि दुरुस्त करून घेईल. पण पंच्याहत्तरच्या जागी पंच्याऐंशी उमटले, तर ते चूक आहे हे कुणाला कळायचे? चुकलेला आकडा हा बरोबर आकड्यासारखाच दिसतो. म्हणून बाकीचा मजकूर फोनवर सोपवावा, आकड्यावर मात्र आपली नजर असावी.

यंत्राची अडचण कुठे होते?

तोंडी बोललेले लिहिताना यंत्राला दोन कामे करावी लागतात. आधी आवाजावरून शब्द ओळखायचा आणि मग त्या शब्दाचा आकडा करायचा. पहिले काम बऱ्याच वेळा नीट होते. दुसऱ्या कामात यंत्र अंदाजाने चालते.

‘सव्वादहा’ हा शब्द घ्या. घड्याळात त्याचा अर्थ १०:१५. साखर उताऱ्यात त्याचा अर्थ १०.२५ टक्के. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने जाहीर केलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर, ज्याला आपण एफआरपी म्हणतो, तो याच सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. इथे टिंब एक घर सरकले तर अर्थच बदलतो. माणूस समोरच्याचे बोलणे कशावर चालले आहे ते पाहून अर्थ लावतो. फोन कधी घड्याळाची वेळ लिहितो, कधी शब्द तसाच ठेवतो, तर कधी नुसतेच दहा लिहून मोकळा होतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकली होती. १९५७ साली आणे-पै जाऊन दशमान पैसे आले, तरी दीड, अडीच, पावणे, साडे हे शब्द आपल्या तोंडातून गेले नाहीत, आणि जाऊही नयेत. पण ‘पावणेदोनशे’ म्हणताना कानावर ‘दोनशे’ पडते आणि आकडा असतो १७५. ‘पाऊणशे’ म्हणताना ‘शे’ ऐकू येते आणि आकडा असतो ७५. बाजारात हे शब्द खुशाल वापरावेत, फोनला सांगताना मात्र एकशे पंच्याहत्तर म्हणावे.

दुसरी अडचण आपल्या अंकनावांची. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता हे अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते, की मराठीत आधी एकक आणि मग दशक बोलले जाते, लिहिताना मात्र दशक आधी येते, त्यामुळे लहान मुले गोंधळतात. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. पण जत तालुक्याच्या पूर्व भागात आपले जे सभासद घरी कन्नड बोलतात, त्यांना हे पटकन उमजेल. कन्नडात आधी वीस आणि मग एक असेच बोलतात.

त्यातून ‘एकोण’ची गंमत निराळीच. ‘एकोणसत्तर’ म्हणताना सत्तर ऐकू येते आणि लिहायचे ६९. एकोणसाठ आणि एकसष्ट, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव या शब्दांची सुरुवात सारखी, फरक सगळा शेवटी. शेजारी मोटार चालू असली किंवा वारा असला की तो शेवटच गिळला जातो. आपल्याकडचे बोलणेही झपाट्याचे. माणूससुद्धा अशा वेळी “आबा, परत सांगा की” म्हणतो. फोन विचारत नाही, मनाने लिहून मोकळा होतो.

क्षेत्र, वजन आणि औषध

मोजमापाचा आकडा बोलताना त्याचे एकक सोडू नये. ऊस नोंदीसाठी किंवा २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसाठी क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लागते. आठ आर म्हणजे ०.०८ हेक्टर आणि ऐंशी आर म्हणजे ०.८० हेक्टर. एखादा सभासद घाईत ‘शून्य पॉइंट आठ’ म्हणतो, आणि सुमारे आठ गुंठ्यांचा तुकडा कागदावर जवळजवळ दोन एकर होतो! त्या आकड्यावर उसाचा अंदाज धरला जातो, त्यावरून तोडणीचे नियोजन होते. म्हणून पॉइंटच्या नादी न लागता ‘शून्य हेक्टर आठ आर’ असे बोलावे.

वजनाचेही तसेच. चौदा टन पासष्ट किलो म्हणजे १४.०६५ टन. तो आकडा ‘चौदा पॉइंट पासष्ट’ असा बोलला की १४.६५ उमटतो. फरक ५८५ किलोचा. टनाला ३,५५० रुपये धरले, तर तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वी २,०७६ रुपये ७५ पैसे होतात. वजनपावती बरोबर, बिलही बरोबर, पण घरच्या फोनमधली नोंद चुकीची असल्याने हिशेब जुळत नाही, आणि मग काट्यावर संशय येतो. याच्या उलटही घडू शकते. तक्रार खरी असते, पण सभासदाने पाठवलेल्या आकड्यात चूक निघाल्याने ती टिकत नाही. काट्यावरचा विश्वास हा सहकाराचा पाया आहे. तो फोनच्या चुकीपायी ढळता कामा नये, आणि खऱ्या तक्रारीचा जोरही त्यापायी जाता कामा नये.

औषधाच्या बाबतीत तर धोका पिकालाच आहे. लिटरला अडीच मिली सांगितलेले औषध टिंब गळून पंचवीस मिली झाले, तर दसपट मात्रा पंपात जाईल. असा निरोप ज्याला आला त्याने, आणि ज्याने धाडला त्यानेही, फवारणीआधी डबीवरचे प्रमाण वाचून खात्री करावी.

ज्याची बेरीज होत नाही, तो आकडा सुटा बोलावा

आकड्यांच्या दोन जाती आहेत. टन, रुपये, गुंठे यांची बेरीज-वजाबाकी होते. पण खाते क्रमांक, मोबाईल नंबर, गट नंबर, उसाच्या जातीचा नंबर यांची बेरीज कोणी करत नाही. ही आकड्यांत लिहिलेली नावेच आहेत. ती संख्या म्हणून न बोलता एकेक अंक सुटा करून बोलावीत.

फलटण तालुक्यातील पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रामुळे घरोघरी झालेले वाण पाहा. को ८६०३२ ला आपण ‘शहाऐंशी शून्य बत्तीस’ म्हणतो. फोन त्याचे तीन तुकडे करील, नाहीतर मधले शून्य खाईल. को एम ०२६५ ला सारे ‘दोनशे पासष्ट’ म्हणतात, त्यात सुरुवातीचे शून्य जाते. एम.एस. १०००१ ला ‘दहा हजार एक’ म्हटले, तर स्वल्पविराम घालून रुपयांसारखा आकडा उमटू शकतो. व्हीएसआय ०८००५ मध्ये तर तीन शून्ये आहेत. म्हणून ‘शून्य, आठ, शून्य, शून्य, पाच’ असेच बोलावे. ‘डबल शून्य’ म्हणू नये, फोन कधी कधी ‘डबल’ हा शब्दच लिहून ठेवतो.

विद्राव्य खतांचेही तेच. ‘एकोणीस एकोणीस एकोणीस’ म्हटले की १९१९१९ अशी माळ होण्याचा संभव असतो. १९:१९:१९, १२:६१:००, ००:५२:३४ यांतल्या खुणा बोटानेच घालाव्यात. गट नंबर १२४/२ मधली तिरकी रेघ गळाली, तर तो १२४२ होतो आणि शिवारातले भलतेच रान आपल्या नावावर दिसू लागते. सातबारा हवा असेल, तर ७१२ उमटले नाही ना ते पाहावे.

बँकेचा आयएफएससी संकेतांक अकरा खुणांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि पाचवे नेहमी शून्य. हे पाचवे शून्य बोलताना ‘ओ’ म्हटले की तिथे अक्षर पडते. आणि एक सक्त सूचना: ओटीपी व पिन फोनला किंवा कोणालाही तोंडी सांगू नये.

तारीख आणि रक्कम

‘पाच तीन’ म्हटले तर ५३ उमटेल की ५/३, याचा भरवसा नाही. शिवाय अमेरिकी पद्धतीत महिना आधी लिहितात, त्यामुळे ५/३ म्हणजे ३ मे होतो. लागणीच्या तारखेत दोन महिन्यांचा फरक म्हणजे तोडणीच्या क्रमात केवढा फरक! म्हणून महिन्याचे नाव घ्यावे: ‘पाच मार्च’.

रकमेत लाखाची मांडणी १,२५,००० अशी हवी. फोनची भाषा अमेरिकी इंग्रजीवर असेल, तर १२५,००० असे दिसेल. भाषा ‘मराठी (भारत)’ करून घ्यावी. मराठी आणि इंग्रजी अंक एकाच आकड्यात मिसळू नयेत. मराठी एक इंग्रजी नवासारखा आणि मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, आणि पाहणारा फसतो.

जुन्या कर्जखतांत रक्कम आकड्यात लिहीत, मग अक्षरी लिहीत, आणि वर ‘निमे रुपये’ म्हणून तिची निम्मी रक्कमही लिहीत. आकडा कोणी बदलू नये, यासाठी ती तजवीज होती. आजही मोठी रक्कम कळवताना आकड्यापुढे अक्षरी रक्कम लिहावी. एक चुकले तर दुसरे साक्षीला राहते.

लक्षात ठेवण्याची सूत्रे

१. बोलण्यापूर्वी आकडा कागदावर किंवा पावतीवर समोर धरावा.
२. मोटार, ट्रॅक्टर, रेडिओ यांपासून दूर जाऊन सावकाश बोलावे.
३. मोजायचा आकडा एककासह बोलावा: टन-किलो, हेक्टर-आर, रुपये-पैसे.
४. ओळखीचा नंबर एकेक अंक सुटा करून बोलावा.
५. सव्वा, दीड, पावणे टाळून पूर्ण संख्या सांगावी.
६. टिंब, तिरकी रेघ आणि स्वल्पविराम बोटाने तपासावेत.
७. पाठवण्याआधी आकडा मोठ्याने वाचावा. डोळ्यांना दिसत नसेल, तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावा.

गाडीतळावर नंबर पुकारणारा जाणता माणूस ‘सत्तावन्न, पाच सात’ असे दोनदा सांगतो. त्याला हे कोणी शिकवले नव्हते. एकदा कानासाठी आणि एकदा लिहिणाऱ्यासाठी, ही अनुभवाची रीत आहे. फोन नवा असला, तरी त्याला हीच जुनी रीत लागू पडते. सभासदांनी आपल्या नोंदी व निरोप याप्रमाणे तपासून पाठवावेत, म्हणजे त्यांचेही हेलपाटे वाचतील आणि गट ऑफिसचेही काम सुकर होईल, अशी आमची विनंती आहे.