सावल्यांची उतरंड

खिडकीशी बसलेल्या माणसाचा फोटो. एका बाजूने उजेड, दुसरी बाजू जवळजवळ काळोखात, मागची भिंत दिसते न दिसते अशी. असा फोटो एडिटिंगला घेतला की बहुतेकांचे बोट आधी ‘शॅडोज’च्या पट्टीवर जाते आणि पट्टी उजवीकडे सरकते. अंधारातला गाल उजळतो, कानामागची भिंतही दिसू लागते आणि ज्या गूढपणासाठी हा फोटो निवडला होता तो निघून जातो. मग कॉन्ट्रास्ट वाढवून, कडांना काळी झाक देऊन तो परत आणण्याची खटपट सुरू होते. ती सहसा फसते. चेहरा पाहताना आपला मेंदू कोणती जागा किती उजळ आहे हे मोजत बसत नाही. कोणती जागा कशापेक्षा गडद आहे, यावर त्याची भिस्त असते. कपाळापेक्षा डोळ्यांच्या खोबणी गडद, गालापेक्षा ओठ गडद, नाकाच्या शेंड्यापेक्षा नाकपुड्यांखालची जागा गडद, अशी उजेडाची एक उतरंड चेहऱ्यावर रचलेली असते. माझे म्हणणे असे की गडद पोर्ट्रेट सुधारायचे तर ही उतरंड ढासळू न देता तिच्यातली अंतरे तेवढी कमीजास्त करावीत.

याला चांगला पुरावा आहे. फोटोची निगेटिव्ह पाहताना अगदी ओळखीचा चेहराही पटकन ओळखू येत नाही. रेषा त्याच, नाकडोळे जागच्या जागी, फक्त काळ्याचे पांढरे झालेले. एमआयटीतले संशोधक पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे निगेटिव्हच ठेवले आणि फक्त डोळ्यांभोवतीचा पट्टा पूर्ववत केला. तेवढ्याने ते चेहरे लोकांना पुन्हा मोठ्या प्रमाणात ओळखता आले. डोळे आणि त्यांच्या आसपासची त्वचा यांतला गडद-उजळ क्रम जागेवर आला की मेंदूला बाकीचा गोंधळ फारसा नडत नाही. एकेका ठिपक्याचा उजेड मोजण्यात आपण किती कच्चे आहोत, हे एमआयटीतल्याच एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांच्या 1995 च्या बुद्धिबळपटाच्या चित्राने दाखवून दिले आहे. त्यातला सावलीतला ‘पांढरा’ चौकोन आणि उजेडातला ‘काळा’ चौकोन या दोन्हींची करडी छटा हुबेहूब एकच आहे. हे माहीत असूनही डोळा ते मानत नाही.

आता पुन्हा त्या पट्टीकडे येऊ. एडिटिंगमधला ‘कर्व्ह’ हा सतत चढता ठेवला तर तो संपूर्ण चित्राला एकच नियम लावतो. जे आधी गडद होते ते नंतरही गडदच राहते, दोन छटांमधले अंतर तेवढे बदलते. ‘शॅडोज’, ‘क्लॅरिटी’ किंवा एचडीआरसारख्या पट्ट्या मात्र बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जागेचा शेजार पाहून तिचा उजेड ठरवतात. त्यामुळे सावलीतला गाल उजेडातल्या गालाच्या बरोबरीला येतो, केसांच्या कडेला विनाकारण प्रभावळ उमटते, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खोटे वाटत राहते. हातानेही हीच चूक होते, विशेषतः डोळ्यांबाबत. सावलीच्या बाजूच्या डोळ्यातला पांढरा भाग प्रत्यक्षात उजेडातल्या गालापेक्षा गडद असू शकतो. ‘डोळे बोलके करा’ या सल्ल्यापायी तो गालापेक्षा उजळ केला की माणूस बोलका न होता झपाटलेला दिसतो. बुबुळातली प्रकाशाची टिकली किंचित उजळावी, पांढऱ्या भागाला हात लावू नये, इतके सहसा पुरते.

क्रम राखूनही अंतरांमुळे भाव बदलतात, आणि खरी मजा तिथेच आहे. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी 2000 मध्ये मोनालिसाच्या हसण्याबद्दल दाखवले की ते हसू बारीक रेषांमध्ये कमी आणि गालांच्या धूसर, पसरट सावल्यांमध्ये जास्त आहे. म्हणून थेट ओठांकडे पाहिले की ते विरते आणि नजर डोळ्यांकडे वळली की उमटते. फोटोतही ओठांच्या कोपऱ्यालगतची सावली थोडी गडद केली तर चेहरा मिटतो, हलकी केली तर मऊ होतो. म्हणून अशा फोटोत गालावर मोठ्या, मऊ ब्रशने केलेला हलका बदल जेवढे काम करतो, तेवढे त्वचेचा प्रत्येक डाग पुसून होत नाही.

अंधार किती उपसता येईल यावर मात्र भौतिकशास्त्राचा चाप आहे. सेन्सरवर प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात आणि त्यांच्या संख्येतला चढउतार साधारण संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एका पिक्सेलवर 10,000 कण टिपले गेले तर चढउतार 100 चा, म्हणजे 1 टक्का. कण 100 च असतील तर तो 10, म्हणजे 10 टक्के. सावलीत दिसणारी खरखर ही बरीचशी प्रकाशाचीच असते. शिवाय 14 बिटच्या रॉ फाइलमधल्या 16,384 पातळ्यांपैकी सर्वांत उजळ एका स्टॉपच्या वाट्याला निम्म्या, म्हणजे 8,192 येतात, पुढच्या प्रत्येक स्टॉपला, म्हणजे उजेड निम्मा होताना, पातळ्याही निम्म्या होतात, आणि वरून दहाव्या स्टॉपला उरतात फक्त 16. त्यामुळे उलटा वाटणारा एक सल्ला शास्त्रशुद्ध ठरतो: गडद पोर्ट्रेट काढताना कपाळावरचा उजेड जळणार नाही इतपत जास्त एक्स्पोजर द्यावे आणि अंधार नंतर एडिटिंगमध्ये आणावा.

फोटो कृष्णधवल करायचा तर उतरंडीची सूत्रे जवळजवळ पूर्णपणे आपल्या हाती येतात. त्वचेतले मेलॅनिन आणि रक्तातले हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश जास्त शोषतात. लाल प्रकाश त्वचेत खोलवर जाऊन विखरून परततो. म्हणून लाल चॅनेलमध्ये त्वचा नितळ दिसते आणि निळ्यात प्रत्येक डाग, सुरकुती, रंध्र उठून येते. पण लाल चॅनेलवर भर दिला की ओठ गालांत मिसळतात आणि कपाळावरचे लाल कुंकू जवळजवळ नाहीसे होते. उलट टोक जुन्या फोटोंत दिसते. लाल रंगाला दाद न देणाऱ्या फिल्मवर तेच कुंकू काळेकुट्ट उमटे. वृद्ध शेतकऱ्याच्या चेहऱ्याला निळा-हिरवा भर शोभेल, तान्ह्या बाळाला लाल. एकच प्रीसेट दोघांना लावणे हा निव्वळ आळस आहे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: ही सगळी फसवणूक नव्हे का? अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 1941 मध्ये टिपलेल्या ‘मूनराइज’ या छायाचित्राचे आकाश पुढच्या दशकांतल्या छापांमध्ये अधिकाधिक काळे होत गेले, निगेटिव्ह एकच असताना. तेव्हा छटा हाताने ठरवणे काही संगणकाने आणलेले नाही. तरीही आक्षेपात तथ्य आहे, आणि माझा नियम इथे अपुरा पडतो हे मान्य करायला हवे. जून 1994 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेले माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर बराच काळवंडून छापला. तोच फोटो ‘न्यूजवीक’ने फेरफार न करता छापला होता. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन अंकांनी वाद पेटला. ‘टाइम’च्या चेहऱ्यावर उतरंड मोडलेली नव्हती, माणूस सहज ओळखू येत होता, गुन्हेगारीची छाया तेवढी चढवली होती. चित्र डोळ्यांना पटणे आणि ते न्याय्य असणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. बातमीच्या फोटोला दुसरी आधी लावावी.

दुसरा आक्षेप कलावंतांचा. छायाचित्रकार मॅन रे यांनी सोलरायझेशनने छटा उलट्या केल्या, भयपटांत खालून प्रकाश टाकून चेहऱ्याच्या सावल्या फिरवतात, मग क्रमाचे एवढे कौतुक कशाला? मला तर हा माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. तिथे अस्वस्थ करायचे असते, म्हणून क्रम जाणूनबुजून मोडतात. अजाणता मोडलेल्या क्रमातूनही तीच अस्वस्थता येते, फक्त ती कुणाला हवी नसते.

शेवटी एक कोरडी पण उपयोगाची गोष्ट. भोवती काळोख असला की गडद छटा डोळ्यांना आहेत त्याहून फिक्या वाटतात. एडिटिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी गडद असते, खोलीतला दिवाही अनेकदा मालवलेला असतो. अशा ठिकाणी अचूक वाटलेला अंधार पांढऱ्या कागदावर छापला की सावल्यांची खालची थरावळ एकाच काळ्या गोळ्यात बुडते. म्हणून फोटोभोवती रुंद पांढरी चौकट लावून, स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवून तो एकदा पाहावा, आणि गरज दिसली तर कर्व्हचे खालचे टोक जरासे वर उचलावे.