पायाचा साचा

वर्कशॉपमध्ये आपण पॅटर्न, मोल्ड आणि कास्टिंग शिकतो. हेच तंत्र माणसाचा पाय वाचवतं, हे मला अलीकडेच कळलं. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात तळव्याची संवेदना जाऊ शकते. मग खडा रुतला तरी समजत नाही आणि जखम चिघळते. अशा वेळी नुसत्या नंबराची चप्पल चालत नाही.

इथे पॅटर्न म्हणजे खुद्द पाय! दाब सोसणाऱ्या हाडांवर कॉपिंग पेन्सिलने खुणा करतात. पाय योग्य स्थितीत धरून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ओल्या पट्ट्या लावतात. प्लास्टर पाणी घेऊन पुन्हा जिप्सम बनते, थोडे तापते आणि काही मिनिटांत घट्ट होते. खुणा कवचाच्या आत उमटतात. या कवचात प्लास्टर ओतले की प्लास्टरचा पाय तयार.

खरं डोकं यापुढे लागतं. जिथे दाब नको, तिथे प्लास्टर घासायचे नाही, उलट थर चढवायचा! त्यावर तापवून मऊ केलेले इनसोलचे शीट दाबले की नेमका तिथेच खळगा पडतो. भार आजूबाजूला पसरतो. बल तेच, क्षेत्रफळ जास्त, म्हणून दाब कमी. पहिल्या वर्षाचे साधे सूत्र, पण त्यावर कुणाचा तरी पाय अवलंबून असतो.