दोनदा वाजलेला दीड

आज एक कोडे घालतो. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका रोग्याला औषध देते. घड्याळात दीड वाजलेला असतो. बरोबर एका तासाने ती पुन्हा घड्याळ पाहते, तर त्यात दीडच! घड्याळ बंद पडलेले नाही. ते अगदी बरोबर चालले आहे. मग हे कसे झाले?

परिचारिका काल्पनिक आहे, पण घड्याळाची गोष्ट खरी आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये दीड खरोखरच दोनदा वाजला.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरवली आहे. आता ८२.५ ला ४ ने गुणा. उत्तर येते ३३० मिनिटे. म्हणून आपली घड्याळे जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे असतात.

एवढेच असते तर काम सोपे होते. पण उन्हाळ्यात दिवस मोठा असतो आणि पहाटेचा उजेड झोपेत वाया जातो, म्हणून कित्येक देश त्या काळात घड्याळे एक तास पुढे करतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोन वाजता काटा तीनवर नेतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोन वाजता तो पुन्हा एकवर आणतात. म्हणजे मार्चमधील त्या रात्री अडीच वाजतच नाहीत, आणि नोव्हेंबरात दीड दोनदा वाजतो!

आता रुग्णालयातील संगणकाचा विचार करा. त्याच्या आज्ञावलीत नुसती घड्याळातली वेळ साठवली असेल, तर तो वजाबाकी करील : १:३० वजा १:३० बरोबर शून्य. 'औषध आत्ताच दिले आहे, आणखी तासभर थांबा,' असे तो सांगेल. रोगी बिचारा ताटकळत राहील! दोष संगणकाचा नाही. त्याला अर्धीच माहिती दिली होती.

यावरचा उपाय म्हणजे आत एकच अखंड मोजणी ठेवणे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आठवा. गाव कोणतेही येवो, दगडावरचा आकडा वाढतच जातो. पहिला दीड वाजला तेव्हा यूटीसीप्रमाणे ५:३० झाले होते आणि आपल्याकडे सकाळचे ११. दुसरा दीड वाजला तेव्हा यूटीसी ६:३० आणि आपल्याकडे दुपारचे १२. मोजणीतला फरक ३,६०० सेकंद, म्हणजे बरोबर एक तास!

माणसाला वेळ दाखवताना मात्र या आकड्याचे स्थानिक वेळेत रूपांतर करावे लागते. त्यासाठी 'पाच तास वजा करा' असा नियम आज्ञावलीतच लिहून टाकण्याचा मोह होतो. अशी आज्ञावली न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात चालेल. उन्हाळ्यात किंवा दुसऱ्या देशात चुकेल. 'आयएसटी' अशी आद्याक्षरे लिहूनही भागत नाही, कारण तीच आद्याक्षरे भारत, आयर्लंड आणि इस्रायल हे तिन्ही देश वापरतात.

म्हणून जगभरच्या वेळांचे कोष्टक आज्ञावलीबाहेर, वेगळे ठेवतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात असे कोष्टक सुरू केले आणि ते आजही वापरात आहे. त्यात 'अमेरिका/न्यूयॉर्क', 'एशिया/कोलकाता' अशी ठिकाणांची नावे आहेत, आणि कोणत्या तारखेला कोणता फरक लागू होता हेही आहे. आपला फरक तरी कायम साडेपाच तासांचाच होता का? नाही! दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारतातील घड्याळेही एक तास पुढे होती.

सरकारे नियम बदलतात, तेही कधी कधी अचानक. ऑक्टोबर २०१८ मध्ये मोरोक्कोत घड्याळे मागे घ्यायची होती. ती घ्यायची नाहीत, असे अवघे दोन दिवस आधी ठरले! ज्यांचे कोष्टक वेगळे होते त्यांना फक्त नवे कोष्टक आणावे लागले. ज्यांनी नियम आज्ञावलीतच कोरला होता, त्यांना आज्ञावलीच दुरुस्त करणे भाग होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. घडून गेलेल्या घटनेसाठी सेकंदांची मोजणी उत्तम. पण पुढील वर्षीच्या भेटीसाठी 'सकाळी १०, न्यूयॉर्क' असेच लिहून ठेवावे. मध्यंतरी नियम बदलला, तरी भेट दहालाच व्हायची आहे ना!

आता तुम्हीच एक गणित सोडवा. न्यूयॉर्क आपल्या हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. ९ मार्च २०२५ रोजी भारतात दुपारी १२:२९ झाले, तेव्हा तेथे रात्रीचे १:५९ झाले होते. मग आपल्या १२:३१ ला तेथील घड्याळात किती वाजले असतील?

(उत्तर : ३:०१)